अमिनोचा डबा: कुणाला चालतो, कुणाला नडतो

"आत्या, यात प्रोटीन नाहीये गं, नुसतं अमिनो आहे. म्हणजे किडनीला काही होणार नाही ना?"

भाच्याने डबा माझ्या पुढ्यात ठेवला. कलिंगडाचा फ्लेवर, झाकणाखाली रुतून बसलेला प्लास्टिकचा स्कूप, आणि बाजूला बारीक अक्षरांत तक्ता: एका स्कूपमध्ये ल्युसीन ३.५ ग्रॅम, आयसोल्युसीन १.७५ ग्रॅम, व्हॅलिन १.७५ ग्रॅम. पोरगा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आठ महिन्यांपासून जिमला जातो. तिथल्या सरांनी त्याला पढवलेलं असं की, प्रोटीन पचायला जड, किडनीवर लोड देतं. अमिनो मात्र 'डायरेक्ट लागतं'. फार्मसीच्या पोरांना तीस वर्षं बायोकेमिस्ट्री शिकवली मी, पण इतक्या कमी शब्दांत इतका गोंधळ घालणं कुणाला जमल्याचं आठवत नाही.

घरी मात्र सगळं उलटं. वहिनीने मे २०२४ मधली बातमी धरून ठेवली होती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीयांसाठी नवी आहारसूत्रं काढली आणि त्यांत शरीर कमावण्यासाठी प्रोटीन सप्लिमेंट घेऊ नका असं स्पष्ट लिहिलं. तेव्हापासून त्या डब्याला घरात विषाचा मान. एकीकडे "डायरेक्ट लागतं", दुसरीकडे "किडन्या जातील". खरं काय ते कळायला थोडं मागून सुरू करावं लागेल.

मिसळणाच्या डब्यातल्या वीस वाट्या

स्नायू, केस, रक्तातलं हिमोग्लोबिन, जेवण पचवणारे पाचकरस, या सगळ्यांचा माल एकच: प्रथिनं, म्हणजे प्रोटीन. आणि प्रथिनं ज्या छोट्या रेणूंची बनतात ती अमिनो आम्लं. 'आम्ल' शब्दाने दचकू नका, अॅसिडिटीशी याचा काही संबंध नाही. प्रत्येक अमिनो आम्लात नायट्रोजन असतो, एवढं लक्षात ठेवा. पुढची सगळी भानगड त्या नायट्रोजनची आहे.

मोठ्या खटल्याच्या घरातला मिसळणाचा डबा डोळ्यांसमोर आणा. त्यात वीस वाट्या. अकरा वाट्यांतला जिन्नस शरीर घरच्या घरी कुटून ठेवतं, उरलेल्या नऊ वाट्या बाहेरून, म्हणजे जेवणातूनच भराव्या लागतात. या नऊंना अत्यावश्यक म्हणतात. भाच्याच्या डब्यातली तिन्ही त्या नऊंपैकीच. त्यांच्या रेणूला फांदी फुटलेली असते, म्हणून इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना 'बीसीएए' नाव पडलं.

जेवणातली डाळ, दूध, अंडं आतड्यात गेलं की पाचकरस त्याचे तुकडे तुकडे करून अमिनो आम्लं मोकळी करतात. निरोगी माणसाला हे काम अजिबात जड नसतं. तेव्हा 'डायरेक्ट लागतं' याचा अर्थ इतकाच की आतड्याचं थोडं काम कारखान्यात उरकलेलं आहे. रक्तात थोडं लवकर पोचतं, हे खरं. पण त्याने काही बिघडतही नाही आणि फारसं साधतही नाही.

तीनच वाट्या भरून काय होतं?

घरात हळद, तिखट, हिंग भरपूर आहे, पण तेल नाही, मोहरी नाही. फोडणी होईल का? स्नायूचं प्रथिन बांधायला नऊच्या नऊ अत्यावश्यक आम्लं एकाच वेळी हाताशी लागतात. एक कमी पडलं तर तिथे काम थांबतं, बाकीची कितीही असोत.

यात ल्युसीनचा एक खास गुण आहे. ते नुसता माल नाही, साखर कारखान्याच्या भोंग्यासारखंही काम करतं. ल्युसीन वाढलं की पेशींना इशारा मिळतो: चला, बांधकाम सुरू करा. जाहिराती याच भोंग्यावर चालतात. पण भोंगा झाला, कामगार गव्हाणीपाशी येऊन उभे राहिले, आणि ऊसच आला नाही तर? मग शरीर उरलेली आम्लं कुठून आणतं? स्वतःचेच जुने स्नायू मोडून. उपाशीपोटी नुसतं बीसीएए पिऊन व्यायाम करणारा एका हाताने भिंत बांधतो आणि दुसऱ्या हाताने विटा काढतो.

आणि ज्याचं जेवण भरलेलं आहे त्याला ही तीन आम्लं आधीच मिळालेली असतात. एका अंड्यात साधारण अर्धा ग्रॅम ल्युसीन असतं. दोन अंडी, एक मोठा पेला दूध आणि पन्नास ग्रॅम सुक्या सोयावड्यांची भाजी, एवढ्यात त्याच्या स्कूपइतकं ल्युसीन भरतं, आणि बाकीच्या वाट्या वर फुकट भरून मिळतात. हे ऐकून पोराचा चेहरा पडला. कलिंगडाचा फ्लेवर सोयावडीला नसतो, मान्य.

"पण प्रोटीनपेक्षा हलकं असतं ना?"

जास्तीची साखर शरीर चरबीत बदलून ठेवतं, चरबी तर साठवतंच. अमिनो आम्लांचं मात्र कोठार नाही. गरजेपेक्षा जास्त आली की त्यांच्यातला नायट्रोजन काढून टाकावा लागतो. तो अमोनियाच्या रूपात सुटतो, आणि अमोनिया मेंदूला विषारी. म्हणून यकृत लगबगीने त्याचा युरिया करतं आणि मूत्रपिंड तो लघवीतून बाहेर टाकतात. शेतात गोणी फोडून टाकतो तो युरिया आणि हा युरिया, रेणू तोच.

नायट्रोजन डाळीतून आला काय, डब्यातून आला काय, किडनीला तेवढंच काम. अमिनो घेतलं म्हणून किडनी सुटत नाही. सरांचं गणित इथे कोसळतं.

आता वहिनीचंही गणित तपासू. सात ग्रॅम बीसीएएमधला नायट्रोजन एका अंड्यातल्या नायट्रोजनपेक्षा थोडा कमीच भरतो. धडधाकट किडनीला एक अंडं म्हणजे काहीच नाही. कॅनडातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये मोजक्या निरोगी तरुणांना ल्युसीनचा डोस वाढवत वाढवत दिला आणि रक्तातला अमोनिया कुठे चढायला लागतो ते पाहिलं. उत्तर आलं वजनाच्या दर किलोला दिवसाला सुमारे ५०० मिलिग्रॅम. सत्तर किलोच्या माणसाला ३५ ग्रॅम, म्हणजे भाच्याचे दहा स्कूप. प्रयोग लहान होता, माणसं तरुण होती आणि डोस अगदी थोडा काळ दिला होता, तेव्हा या आकड्यावर वर्षानुवर्षांची खात्री टांगू नये. पण एका स्कूपने किडन्या गेल्या असं म्हणायलाही जागा नाही.

जाता जाता: किडनी तपासायला रक्तातलं क्रिएटिनिन मोजतात. जिमच्या पोरांचा तो आकडा वाढलेला आला की घरात रडारड होते. त्यातला बराचसा घोळ क्रिएटिन या जिमवाल्यांच्या आणखी एका पावडरीचा असतो. ती पावडर शरीरात थोडी थोडी क्रिएटिनिनमध्ये बदलते, त्यामुळे किडनी ठणठणीत असूनही आकडा वर सरकतो. रक्त तपासायला देताना डॉक्टरांना डब्याबद्दल सांगा, बस.

एकच दार, आठ प्रवासी

इथून खरा विषय सुरू होतो. जेवणातून सगळी अमिनो आम्लं वरातीसारखी एकत्र येतात. डब्यातून एखाददुसरंच येतं, तेही फौजफाट्यासह. अशा एकट्या झुंडीचा सराव शरीराला नाही.

रक्तातून मेंदूत जायला काही अमिनो आम्लांना एकच दार आहे. ल्युसीन, आयसोल्युसीन, व्हॅलिन, फेनिलअॅलनिन, टायरोसीन, ट्रिप्टोफॅन, मेथिओनिन, हिस्टिडीन, सगळी त्याच दारातून शिरतात. संध्याकाळी सहाला दादरला लोकलच्या दाराशी काय होतं ते मुंबईकरांना सांगायला नको. एकाच टोळीची तीसचाळीस माणसं दाराला भिडली की एकटादुकटा प्रवासी फलाटावरच राहतो. इथला एकटादुकटा म्हणजे ट्रिप्टोफॅन. जेवणात ते मुळातच कमी असतं, आणि मेंदूत मन:स्थिती आणि झोप सांभाळणारं सेरोटोनिन त्याच्यापासूनच बनतं. बीसीएए भरपूर घेतलं की ट्रिप्टोफॅन मागे रेटलं जातं. काही कंपन्या हेच 'थकवा कमी जाणवतो' म्हणून विकतात. प्रयोगांत त्याचे निकाल कधी इकडे, कधी तिकडे.

भाकरीतलं ल्युसीन

एका अमिनो आम्लाच्या जादापणाने दुसऱ्याचं बिघडतं का, हा प्रश्न जिमच्या आधी आपल्या दख्खनने विचारलाय. पेलाग्रा नावाचा आजार असतो. उन्हात उघडी राहणारी कातडी काळी पडून सोलते, जुलाब लागतात, पुढे भ्रम होतो. तो 'नायसिन' या ब जीवनसत्त्वाच्या कमतरतेने होतो आणि जगभर मक्यावर जगणाऱ्या गरिबांत दिसायचा. हैदराबादच्या डॉक्टरांना मात्र तो ज्वारी खाणाऱ्यांत दिसला. मक्यात ट्रिप्टोफॅन फार कमी, ज्वारीत तितकं कमी नाही. मग पेलाग्रा का?

डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक तर्क मांडला: ज्वारीत ल्युसीन फार आहे. शरीर गरज पडली तर ट्रिप्टोफॅनपासून थोडं नायसिन बनवतं, साधारण ६० मिलिग्रॅमला एक मिलिग्रॅम. जादा ल्युसीन त्या कामात खोडा घालत असावं, असं त्यांचं म्हणणं. नंतर इतरांनी प्रयोग केले, त्या सगळ्यांत हे तसंच दिसलं नाही, आणि वाद पुरता मिटला नाही. पण प्रश्न मोलाचा होता. ल्युसीन चांगलं की वाईट हे ते विचारतच नव्हते. ताटात दुसरं काहीच नसताना एकाचं पारडं जड झालं तर काय होतं, हे ते विचारत होते.

भाकरी सोडू नका. भाकरीबरोबर पिठलं, उसळ, ताक असलं की हा प्रश्नच उरत नाही. तृणधान्यांत लायसिन हे अत्यावश्यक आम्ल कमी, डाळींत मेथिओनिन कमी. वरण-भातात एकाची उणीव दुसरं भरून काढतं. आजीला हे रसायन ठाऊक नव्हतं, पण ताट ठाऊक होतं.

पारडं जड झाल्याचं आणखी एक उदाहरण जवळचं आहे. मेथिओनिन वापरलं गेलं की होमोसिस्टीन नावाचा पदार्थ उरतो, आणि तो निपटायला बी-१२ लागतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने ४४१ मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं. २००६ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात दोनतृतीयांश जणांत बी-१२ कमी आणि निम्म्याहून अधिक जणांत होमोसिस्टीन जास्त निघालं. अशा माणसाने 'केसांसाठी' म्हणून मेथिओनिनच्या गोळ्या घ्याव्यात का, हे तुम्हीच ठरवा. आधी बी-१२ बघा.

"शुद्ध आहे, ९९ टक्के लिहिलंय"

ऑक्टोबर १९८९. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत डॉक्टरांकडे तीन बायका आल्या. अंगभर असह्य स्नायुदुखी, आणि रक्तातल्या इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी भयंकर वाढलेल्या. तिघींत समान धागा एकच: तिघीही ट्रिप्टोफॅनच्या गोळ्या घेत होत्या. झोप यावी, मन शांत राहावं म्हणून तेव्हा तिथे या गोळ्या सर्रास खपायच्या. 'अल्बुकर्की जर्नल'ने बातमी लावून धरली, आणि नोव्हेंबरमध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने गोळ्या बाजारातून परत बोलावल्या. तोवर फार उशीर झाला होता. अमेरिकेत १५०० हून जास्त रुग्ण निघाले, किमान ३७ दगावले. कित्येकांच्या कातडीचं आणि मज्जातंतूंचं दुखणं वर्षानुवर्षं राहिलं.

शोध घेतला तेव्हा बहुतेक धागे जपानच्या शोवा डेन्को या एकाच उत्पादकाच्या मालाकडे गेले. अमिनो आम्लं हल्ली जिवाणूंकडून करून घेतात: साखरेच्या पाकावर जिवाणू वाढवायचे, त्यांनी सोडलेलं आम्ल गाळून शुद्ध करायचं. तत्त्व ताडीचं किंवा इडलीच्या पिठाचंच. या कंपनीने जिवाणूत जनुकीय बदल करून उत्पादन वाढवलं होतं, आणि साधारण त्याच सुमाराला गाळणीतला कोळसाही कमी केला होता. माल तरीही ९९ टक्क्यांहून शुद्ध होता. घात केला तो उरलेल्या कणभर मालाने. त्यातला नेमका कोणता पदार्थ दोषी, यावर संशयित बरेच निघाले, पण शेवटचा शिक्का कुणावरच बसला नाही.

ट्रिप्टोफॅन विषारी होतं का? डाळीत, दुधात आपण ते रोज खातो. दोष मालाचा होता. मला या कहाणीतली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट ही वाटते की गोळी घेणाऱ्याला हे कळायला काही मार्गच नव्हता. डब्यावर छापलेलं सगळं खरं होतं.

नायट्रोजन मोजायचा आणि प्रोटीन म्हणायचं

डब्यावर छापलेलं खोटं असलं तर? त्याची युक्ती समजून घेण्यासारखी आहे, कारण ती सव्वाशे वर्षांहून जुन्या पद्धतीच्या फटीतून चालते.

१८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत, होय, बिअरवाल्याच कार्ल्सबर्गच्या, योहान केल्डाल याने धान्यातलं प्रथिन मोजायची रीत काढली. प्रथिन थेट मोजणं कठीण, म्हणून त्यातला नायट्रोजन मोजायचा. प्रथिनात सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो, तेव्हा येईल त्या आकड्याला ६.२५ ने गुणायचं. ही पद्धत आजही चालते. पण नायट्रोजन प्रथिनातूनच आला, की आणखी कशातून, हे तिला कळत नाही.

मग करायचं काय? महागडी दुधाची पावडर कमी करायची आणि ग्लायसिन नावाचं स्वस्त अमिनो आम्ल मिसळायचं. ग्लायसिनमध्ये नायट्रोजन जवळजवळ १९ टक्के. एक ग्रॅम ग्लायसिन टाकलं की तपासणीत १.१७ ग्रॅम प्रोटीन दिसतं, आणि ते अत्यावश्यक नऊंपैकी नाही, शरीर स्वतःच बनवतं. या धंद्याला 'अमिनो स्पायकिंग' म्हणतात. दुधात युरिया घालणाऱ्यांचा हिशोबही अगदी हाच: युरियात ४६ टक्के नायट्रोजन, म्हणजे ग्रॅमभर युरिया या मापाने पावणेतीन ग्रॅमांच्या वर 'प्रोटीन' भरतं. चीनमध्ये २००८ साली दुधात मेलामाईन हे नायट्रोजनने भरलेलं रसायन घातलं गेलं तेही त्याच मापाला फसवायला. जवळपास तीन लाख बाळं आजारी पडली, सहा दगावली.

ग्लायसिनने कुणी मरत नाही, ते वेगळं. पण जिथे एक फसवणूक आहे तिथे बाकी सचोटी असेल, असं मानायला मी तयार नाही. केरळच्या राजगिरी रुग्णालयातले यकृततज्ज्ञ डॉ. सिरियक अॅबी फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन सप्लिमेंटची तपासणी करून २०२४ मध्ये निष्कर्ष छापले. २५ डब्यांवर प्रोटीनचा आकडा बरोबर नव्हता. पाच डब्यांत अफ्लाटॉक्सिन सापडलं, म्हणजे भुईमुगाला बुरशी लागली की होतं ते यकृताला घातक विष. काहींत कीटकनाशकाचे अंशही होते.

भाच्याच्या डब्यात 'शाकाहारी' हिरवा ठिपका आहे, हे त्याने मोठ्या अभिमानाने दाखवलं. तो ठिपका बघत जा, खरंच. काही आम्लं पिसं, केस उकळूनही काढता येतात, आणि जुन्या काळी सिस्टीन तसंच काढत.

"डॉक्टरही देतातच की"

देतात. यकृत खूप खराब झालेल्या काही रुग्णांना बीसीएए दिलं जातं, मेंदूवर आलेली गुंगी कमी व्हावी म्हणून. किडनीच्या आजारात प्रोटीन कमी करायला सांगून त्याबरोबर 'किटोअॅनालॉग'च्या गोळ्या देतात. त्या म्हणजे अमिनो आम्लातला नायट्रोजन काढून टाकलेला सांगाडा, जेणेकरून माल मिळावा पण कचरा वाढू नये. जन्मजात काही आजारांत तर बाळाचं सगळं दूधच खास अमिनो आम्लांचं असतं. हा उपचार आहे, मोजून-मापून, रक्त तपासत केलेला.

आणि डॉक्टरांचेही अंदाज चुकतात. आर्जिनिन नावाच्या अमिनो आम्लापासून शरीर नायट्रिक ऑक्साइड बनवतं, त्याने रक्तवाहिन्या सैल होतात. हा वायू शरीरात हे काम करतो, या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं. मग हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांना आर्जिनिन दिलं तर? तर्क अगदी सरळ. अमेरिकेत १५३ रुग्णांवर प्रयोग झाला, निम्म्यांना दिवसातून तीनदा तीन-तीन ग्रॅम आर्जिनिन, निम्म्यांना नुसती तशीच दिसणारी गोळी. आर्जिनिनवाल्यांत सहा मृत्यू झाले, दुसऱ्या गटात एकही नाही. प्रयोग मध्येच थांबवला आणि २००६ मध्ये निकाल छापला. सहा ही संख्या लहान आहे, योगायोगही असू शकतो. पण फायदा कुठेच दिसला नाही हे नक्की. ग्लुटामिन या आणखी एका अमिनो आम्लाचंही तसंच: अनेक अवयव निकामी होत चाललेल्या १२२३ रुग्णांवरच्या प्रयोगात, २०१३ मध्ये, ते दिलेल्यांत मृत्यू जास्त निघाले.

आजही स्नायू फुगवून 'पंप' देणाऱ्या वर्कआउटआधीच्या पावडरींत आर्जिनिन असतं. विशीतल्या पोराला त्याने बहुधा पोट बिघडण्यापलीकडे काही होणार नाही. ज्याच्या खिशात छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी आहे, त्याने मात्र त्या डब्याला हात लावू नये. दोन्ही मिळून रक्तदाब धाडकन उतरू शकतो. (त्याच पावडरीने चेहऱ्याला, हाताला मुंग्या येतात त्या बीटा-अॅलनिन या आणखी एका अमिनो आम्लाच्या. विचित्र वाटतं, पण त्यांनी इजा होत नाही.)

"आबांनाही देतो एक स्कूप"

एवढं सगळं ऐकून झाल्यावर भाचा सहज म्हणाला, "मग आबांनाही चालेल ना? त्यांना अशक्तपणा वाटतो, म्हणून मी सकाळी माझ्याबरोबर त्यांनाही एक स्कूप देतो. दोन आठवडे झाले."

आबा म्हणजे माझे वडील. वय एक्क्याऐंशी, पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात. सकाळी सातला त्यावरची लेव्होडोपाची गोळी. आणि सातलाच कलिंगडाचं सरबत.

लेव्होडोपा हे स्वतः एक अमिनो आम्लच आहे, आणि मेंदूत शिरायला त्याला तेच दार लागतं, दादरचं. आतड्यातून रक्तात येतानाही अशीच चेंगराचेंगरी. सात ग्रॅम बीसीएए दाराशी उभं असताना ती गोळी फलाटावरच राहायची. वहिनीला विचारलं, हल्ली आबांचं कसं आहे? म्हणाली, "सकाळी हात जास्तच थरथरतात, बटणं लागत नाहीत. वयच झालं ना." मी त्याच दिवशी त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, डबा आजपासून बंद, आणि दूध-अंड्याचा नाश्ताही गोळीपासून लांब ठेवा. आठवड्याभराने शर्टाची बटणं पुन्हा लागायला लागली. यात किती वाटा डब्याचा आणि किती वेळ पाळल्याचा, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

भाच्याला चालणारा तोच स्कूप आबांना नडला. म्हणून "अमिनो सुरक्षित आहे का" या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही, पहिल्यांदा "कुणाला?" असं विचारावंच लागतं. नैराश्यावरच्या गोळ्या घेणाऱ्याने झोपेसाठी ट्रिप्टोफॅन किंवा त्याचं भावंड फाइव्ह-एचटीपी घेतलं तर सेरोटोनिन धोकादायक पातळीला जाऊ शकतं: घाम, थरथर, ताप, कधीकधी अतिदक्षता विभाग. फेनिलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेल्याला फेनिलअॅलनिन विषासमान, म्हणूनच अॅस्पार्टेम, म्हणजे फेनिलअॅलनिन असलेलं गोडवा आणणारं रसायन, घातलेल्या शुगर-फ्री गोष्टींवर तशी बारीक सूचना असते. आणि काही अमिनो पावडरी गोड करायलाही अॅस्पार्टेम घालतात. किडनी किंवा यकृताचा आजार, गरोदरपण, स्तनपान, वाढीच्या वयातली मुलं, इथे स्वतःच्या मनाने काही नको.

मधुमेह घरात असेल तर? २०११ मध्ये अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या प्रसिद्ध अभ्यासातून दिसलं की ज्यांच्या रक्तात बीसीएए आणि आणखी दोन अमिनो आम्लं जास्त, त्यांना पुढच्या बारा वर्षांत मधुमेह होण्याचा संभव जास्त. पण ती आम्लं मधुमेह आणतात, की येऊ घातलेल्या मधुमेहानेच ती रक्तात साचतात, हे भांडण चालू आहे. घराघरांत साखर असलेल्या आपल्या लोकांनी भांडण मिटेपर्यंत उगाच डबे रिकामे करू नयेत, असं माझं मत.

मग घ्यायचं की नाही?

पोषण संस्थेच्या हिशोबाने निरोगी माणसाला दर किलो वजनाला दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रोटीन पुरतं. भाच्याचं वजन साठ किलो, म्हणजे पन्नास ग्रॅम. व्यायाम करणाऱ्यांना जास्त लागतं, पण १.६ ग्रॅमच्या, म्हणजे त्याच्या शहाण्णव ग्रॅमच्या, पुढे स्नायूंना आणखी काही मिळत नाही, असंही तीच आहारसूत्रं सांगतात. मी त्याच्याकडून एक दिवसाचं खाणं लिहून घेतलं. सकाळी पोहे, दुपारी कॅन्टीनचा वडापाव, रात्री पोळी-भाजी, आणि पाण्यासारखं वरण. पन्नास ग्रॅमही भरत नव्हते. तीन वाट्या काठोकाठ भरलेल्या आणि बाकीच्या सहांचा तळ दिसतोय, असा मिसळणाचा डबा.

"एखाद्या आम्लाला वरची मर्यादाच ठरवलेली नाही, म्हणजे कितीही चालतं," असंही त्याच्या सरांचं म्हणणं होतं. अमेरिकेच्या तज्ज्ञांनी अशा मर्यादा ठरवल्या नाहीत हे खरं, पण पुरेशी माहितीच नाही म्हणून. रस्त्यावर वेगमर्यादेची पाटी नाही याचा अर्थ पुढे वळण नाही असा होत नाही.

डबा घ्यायचाच असेल तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि प्रत्येक घटकाचा वेगळा आकडा बघा. 'प्रोप्रायटरी ब्लेंड' म्हणून सगळ्यांची एकच बेरीज दिली असेल तर तो दुकानातच परत ठेवा. प्रोटीनच्या डब्यावर प्रोटीन म्हणून सांगितलंय आणि घटकांत ग्लायसिन, टॉरिन सुटं लिहिलंय, तर भुवया उंचावायला हरकत नाही. एका वेळी एकच नवी गोष्ट सुरू करा, म्हणजे काही झालं तर कशाने झालं ते कळेल. स्पर्धेत उतरणाऱ्या पोरांनी आणखी जपावं. डब्यात न लिहिलेलं उत्तेजक निघालं तरी उत्तेजक चाचणीत जबाबदारी खेळाडूचीच.

भाच्याने तो डबा टाकला नाही. चौदाशे रुपये दिलेत म्हणाला, संपवतो. संपव म्हटलं. त्याला अंडी चालतात, सोयावडी नाही. सोयावडीऐवजी रोज मूठभर शेंगदाणे आणि घट्ट वरणावर आमची तडजोड झाली. डबा आता माळ्यावर, त्याच्या बॅगेशेजारी असतो. स्वयंपाकघराच्या दारावर वहिनीने आबांसाठी कागद चिकटवलाय: गोळी सातला, नाश्ता आठला.